चोचीचे देवमासे आणि १९९७ चा तो किनारा

मंगळवारपेठ (धागाकर्ती)

मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. १९९७ च्या डिसेंबरात, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, आमची सहल गगनबावड्याचा घाट उतरून सिंधुदुर्गात गेली होती. शंखशिंपले आणि समुद्री शेवाळ गोळा करायचं होतं. पहाटे ओहोटीला किनाऱ्यावर गेलो तर समोर एक धूड येऊन पडलेलं. पंधरा-सोळा फूट असेल. ओढणी नाकाला लावली तरी वास सोसवत नव्हता. तोंड पुढं निमुळतं, टोकदार. दात एकही दिसला नाही. गळ्यावर रेघा होत्या, हे मला पक्कं आठवतं, कारण मी त्या वहीत काढायला घेतल्या होत्या आणि तेवढ्यात सरांनी हाक मारली.

कुणी म्हणालं डॉल्फिन, कुणी म्हणालं मोठा मासा. दुपारी ज्यांच्याकडं ते काम होतं ती माणसं आली, खड्डा काढला, पुरून टाकलं. माप नाही, नोंद नाही, कुणी त्याचं तोंड उघडून बघितलं नाही. आम्हीही नाही, आणि आम्ही तर प्राणिशास्त्राच्या मुली होतो.

जुलै २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो भागात पाच मीटरचा एक देवमासा किनाऱ्याला लागल्याची बातमी वाचली आणि तो किनारा पुन्हा डोळ्यांसमोर आला. कुदळीसारख्या दाताचा देवमासा, शास्त्रीय नाव मेसोप्लोडॉन ट्रॅव्हर्सी. समुद्रात जिवंत असा खात्रीनं हा कुणी कधी बघितलेला नाही. १८७२ साली चॅटम बेटांवर एक खालचा जबडा मिळाला, १९५० च्या दशकात न्यूझीलंडच्याच व्हाइट आयलंडवर एक कवटी, १९८६ मध्ये पार चिलीच्या रॉबिन्सन क्रूसो बेटावर आणखी एक. सव्वाशे-दीडशे वर्षं या प्राण्याची आपल्याकडं जमा बाजू एवढीच. २०१० मध्ये न्यूझीलंडच्या ओपापे किनाऱ्यावर मायलेकरू लागलं, तेव्हा ते दुसऱ्याच जातीचं समजून पुरलंसुद्धा. पुढं ऊतींच्या तुकड्यांची डीएनए तपासणी झाली आणि २०१२ मध्ये कळलं की आख्खा ट्रॅव्हर्सी माणसाला पहिल्यांदा दिसला होता. पुरलेली हाडं परत उकरून काढावी लागली.

चोचीचे देवमासे, इंग्रजीत ज्यांना बीक्ड व्हेल म्हणतात, त्यांचं कुळ झिफिडी. आज २४ जाती मानतात. जगातल्या सगळ्या देवमासे-डॉल्फिनांच्या जाती मोजल्या तर साधारण दर चारातली एक या कुळातली. तरी आपल्या पाठ्यपुस्तकात यांच्यावर एक ओळ नाही. वर्गात देवमासा म्हटलं की निळा देवमासा येतो, फार तर स्पर्म व्हेल. हे कुळ मुलांना शिकवावं म्हणून मी गेलं वर्षभर मिळेल ते वाचत्येय. जमलं तसं इथं लिहिते.

अंगानं हा प्राणी चातीसारखा, मधे जाड आणि दोन्हीकडं निमुळता. जाती चार मीटरपासून (पेरूच्या किनाऱ्यावरचा बुटका देवमासा, नाव मिळालं १९९१ मध्ये) बारा-तेरा मीटरपर्यंत (बेअर्डचा देवमासा, उत्तर पॅसिफिक). पाठीवरचा पर लहान आणि बराच मागं, शेपटाच्या बाजूला. पुढचे वल्ह्यासारखे पर लहान, आणि अंगाला त्यांच्या मापाचे उथळ खोलगे असतात. खोल बुडी मारताना पर त्या खोलग्यात बसवून टाकायचे, म्हणजे पाण्याला अडणारं काही बाहेर उरत नाही. शेपटीच्या दोन पाकळ्यांच्या मधे बाकी देवमाशांना खाच असते, यांना बहुतेक नसते. कड सलग जाते. आणि गळ्याखाली दोनच खाचा, पुढं जवळ येणाऱ्या, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या.

टोकदार तोंड, दात दिसत नाहीत, गळ्यावर रेघा. तीन खुणा मला आठवणाऱ्या धुडाशी जुळतात. १९९७ च्या त्या सहलीतलं कुणी इथं असेल तर कृपया लिहा.

---

शाहूपुरीचा_अभि

ताई, लई भारी लिहिलंय. एकच शंका. हे मासे खोल जातात म्हणजे किती खोल? आणि श्वासाचं काय करतात, शेवटी हवा तर आपल्यासारखीच लागत असणार की.

---

मंगळवारपेठ

अभि, यातला सगळ्यात खोल जाणारा क्युव्हिएचा देवमासा. कॅलिफोर्नियाजवळ काहींच्या अंगाला नोंदयंत्र लावलं होतं, त्यातल्या एकाची बुडी २,९९२ मीटरची निघाली. पन्हाळा समुद्रसपाटीपासून हजार मीटरला जरासा कमी. तीन पन्हाळे एकावर एक रचले की तो आकडा होतो. कुठल्याही सस्तन प्राण्याची याहून खोल बुडी नोंदलेली नाही.

श्वासाचं म्हणशील तर सगळ्यात लांब नोंद अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळची आहे, ३ तास ४२ मिनिटं. कोल्हापूर स्टँडवर एसटीत बसताना श्वास घ्यायचा आणि आंबा घाट उतरून रत्नागिरीत उतरल्यावर सोडायचा, असं मी वर्गात सांगितलं. पोरं गप्प झाली. एरवीच्या बुड्या अर्थातच एवढ्या लांब नसतात, तासाभराच्या असतात.

आणि ही हवा फुप्फुसात साठवलेली नसते. खाली दाबच इतका की बरगड्यांचा पिंजरा आत दबतो आणि फुप्फुसं मिटतात. प्राणवायू असतो रक्तात आणि स्नायूंत. स्नायूंत मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, तेच मांसाला लाल रंग देतं. यांच्यात ते इतकं ठासून भरलेलं की मांस काळपट दिसतं. बुडी मारली की हृदयाचे ठोके मंदावतात आणि हातापायांकडचं, म्हणजे परांकडचं रक्त आखडतं. मेंदू आणि हृदय चालू ठेवायचं, बाकीच्यांनी दम काढायचा.

---

शाहूपुरीचा_अभि

तीन पन्हाळे. आज रात्री झोप नाही मला.

---

दंतवैद्य_ताराबाई_रोड

मॅडम, दात दिसत नाहीत असं लिहिलंय. म्हणजे नसतातच, की हिरडीत राहतात? न उगवलेली अक्कलदाढ आम्ही रोज बघतो, म्हणून विचारतो.

---

मंगळवारपेठ

डॉक्टर, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. या कुळाची सगळी गंमत दातांतच आहे.

बहुतेक जातींत खालच्या जबड्यात एकच जोडी वाढते, आणि तीही फक्त वयात आलेल्या नरात हिरडीबाहेर येते. मादीला आणि पिल्लाला दात असतात, पण हिरडीच्या आत, जन्मभर. तुमच्या अडकलेल्या अक्कलदाढेसारखेच. म्हणून मेलेली मादी किनाऱ्याला लागली की लोक म्हणतात, याला दातच नाहीत.

हे दात खायच्या कामाचे नाहीतच. खाणं म्हणजे मुख्यतः माकूळ आणि खोल पाण्यातले मासे. जवळ जायचं, जीभ घशाकडं खेचायची, गळ्यावरच्या त्या दोन खाचांमुळं घसा फुगतो आणि समोरचं पाणी माकुळासकट आत. चावणं नाही, कुरतडणं नाही. पट्टेदाताचा देवमासा म्हणून एक आहे, लेयार्डचा. त्याच्या नराचे दोन दात खालच्या जबड्यातून उगवून वरच्या चोचीवर पट्ट्यासारखे वळत जातात. एकेक दात फूटभर होऊ शकतो. म्हाताऱ्या नराचं तोंड मग चार-पाच इंचांपलीकडं उघडतच नाही. तुमच्याकडं असा पेशंट आला तर तुम्ही हात टेकाल, पण तो खाऊनपिऊन धडधाकट असतो, कारण ओढून घ्यायला तेवढी फट पुरते.

जात ओळखायची तीही दातावरून. दात जबड्याच्या टोकाला आहे का मधे, सरळ आहे का कललेला, आकार कसला. मेसोप्लोडॉन या शब्दाचा अर्थच जबड्याच्या मधल्या दाताचं हत्यार बाळगणारा. या एका प्रजातीत १६ जाती आहेत. एकीचा दात गिंको नावाच्या झाडाच्या पानासारखा पसरट, म्हणून नाव गिंकोडेन्स, १९५८ मध्ये जपानी अभ्यासकांनी दिलेलं. ब्लेनव्हिलचा देवमासा म्हणून आणखी एक जात, तिच्या नराच्या खालच्या जबड्याला दोन्ही बाजूंना कमान असते, दात त्या कमानीवर, कपाळाच्याही वर निघालेला, आणि पुष्कळदा त्या दातावर समुद्री शिंपल्यासारखे बार्नाकल झुपक्यानं लोंबतात. याच जातीच्या चोचीचं हाड प्राणिसृष्टीत माहीत असलेल्या हाडांत सर्वांत घट्ट आहे. एवढं घट्ट कशासाठी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. घट्ट असलं तरी ते ठिसूळ असतं, त्यामुळं टकरीसाठी म्हणावं तर तेही नीट बसत नाही.

अपवादही सांगते. बेअर्डच्या गटात दोन जोड्या असतात आणि मादीलाही बाहेर येतात. टास्मासेटस नावाच्या दक्षिणेकडच्या जातीत तर वर-खाली दातांच्या पूर्ण रांगा आहेत.

---

दंतवैद्य_ताराबाई_रोड

म्हणजे दात असूनही तो तोंडाचा अवयव राहिलेला नाही. वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये असं काही ऐकलं नव्हतं. पट्टेदाताची कवटी कधी बघायला मिळाली तर मी रजा टाकून जाईन.

---

गंगावेस

दात खायला नाहीत, मग कशाला? भांडायला असणार. आमच्या तालमीत सांगतात, पैलवानाची ओळख कानावरून. कान मोडलेला दिसला की समजायचं यानं माती खाल्लीय.

---

मंगळवारपेठ

दादा, तुम्ही न वाचता उत्तर दिलंत. म्हाताऱ्या नराचं अंग लांब पांढऱ्या ओरखड्यांनी भरलेलं असतं. पुष्कळ ओरखडे जोडीनं, समांतर, कारण समोरच्याचे दोन दात एकाच वेळी फिरतात. यांच्या कातडीवरची जखम भरली तरी रंग परत येत नाही, त्यामुळं आयुष्यभराच्या कुस्त्या अंगावर वाचता येतात. क्युव्हिएचा म्हातारा नर डोक्याकडून पाठीपर्यंत पांढरा पडलेला असतो. माद्यांच्या अंगावर असे ओरखडे फार कमी.

गोल खड्ड्यांसारखे डाग दिसतात ते वेगळे. कुकीकटर नावाचा हातभर लांबीचा शार्क आहे, तो मोठ्या प्राण्याच्या अंगाला चिकटून मांसाची चकती काढून नेतो.

---

गंगावेस

मोडलेल्या कानाचा अर्थ समोरच्यालाही कळतो आणि निम्मी कुस्ती तिथंच सुटते. समुद्रातही तसंच असेल तर मला आनंद आहे. घरी पोराला हे वाचून दाखवलं.

---

उजळाईवाडीकर

त्या कोट्यवधीच्या उलटीच्या बातम्या आपल्याकडं येतात, ती यांचीच का?

---

मंगळवारपेठ

नाही. ती उलटी म्हणजे अंबर, ते स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं, तो वेगळ्या कुळातला. आणि तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित असल्यामुळं आपल्या देशात अंबर बाळगणं, विकणं गुन्हा आहे. किनाऱ्यावर सापडलं तरी वन विभागालाच द्यायचं.

---

गडहिंग्लजचा_नौसैनिक

मी नौदलातून निवृत्त होऊन आता शेती करतो. नोकरीत बरीच वर्षं सोनारवर, म्हणजे पाण्याखाली आवाजावरून ठाव घेणाऱ्या यंत्रावर होतो. या देवमाशांचा आणि सोनारचा काही संबंध आहे असं एकदा ऐकलं होतं. खरं काय ते मोकळेपणानं सांगा. मला जाणून घ्यायचं आहे.

---

मंगळवारपेठ

काका, खरं तेच सांगते. हे प्राणी अंधारात आवाजावर शिकार करतात. तुमच्या सोनारसारखंच, टिकटिक सोडायची आणि परत आलेला आवाज जबड्यातून ऐकायचा. पृष्ठभागाजवळ मात्र ते अगदी मुके राहतात, शेकडो मीटर खाली गेल्यावरच टिकटिक सुरू करतात. देवमाशांची शिकार करणाऱ्या ऑर्कापासून (किलर व्हेल) लपण्याची ही रीत असावी असं मानतात.

मार्च २००० मध्ये बहामात नौदलाच्या सरावानंतर सतरा देवमासे-डॉल्फिन किनाऱ्याला लागले, बहुतेक याच कुळातले. मध्यम वारंवारितेचा सोनार हे कारण अमेरिकी नौदलानं स्वतःच्या संयुक्त अहवालात मान्य केलं. सप्टेंबर २००२ मध्ये कॅनरी बेटांवर सरावाच्या वेळी चौदा लागले. त्यांचं विच्छेदन झालं तेव्हा रक्तवाहिन्यांत आणि अवयवांत वायूचे बुडबुडे सापडले, पाणबुड्यांना होतो तसा आजार. घाबरून बुडीची लय मोडली असावी असा त्यावरचा तर्क. स्पेननं २००४ मध्ये त्या बेटांभोवती अशा सोनारला बंदी घातली, आणि नंतर तिथं तसं सामूहिक मरण झालेलं नाही.

---

गडहिंग्लजचा_नौसैनिक

धन्यवाद. हेडफोनवर समुद्र ऐकायची सवय लागली की माणूस बदलतो. कोळंब्यांचा तडतडाट, डॉल्फिनच्या शिट्ट्या मी रात्र-रात्र ऐकल्या आहेत. त्या आवाजांत हे कधी होते का, कुणास ठाऊक. बंदी घातली आणि मरण थांबलं, हे वाचून बरं वाटलं. करण्यासारखं काही आहे म्हणजे.

---

राजारामचा_माजी_विद्यार्थी

ही सगळी नावं लांबची वाटतात, न्यूझीलंड, चिली. हिंदी महासागरात काय आहे? नाहीतर १९९७ च्या धुडाबद्दलची तुमची शंका मुळातच टिकत नाही.

---

मंगळवारपेठ

बरोबर प्रश्न. माझ्या वहीत सगळ्यात जास्त पानं यावरच भरली आहेत.

२६ जानेवारी १९६३. कोलंबोजवळ रत्मलाना इथं साडेचार मीटरची एक मादी लागली. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाचे पी. ई. पी. देरनियागला यांनी ती बघितली आणि त्याच वर्षी नवी जात म्हणून जाहीर केली. नाव दिलं मेसोप्लोडॉन होटौला, सिंहली शब्दांवरून, अर्थ टोकदार चोच. दोनच वर्षांत बाकीच्या अभ्यासकांनी ते नाव मोडीत काढलं, म्हणाले ही जपानची गिंकोदाती जातच. पन्नास वर्षं तसंच चाललं. मग मालदीव, सेशेल्स, किरिबाती, पाल्मिरा इथली हाडं आणि डीएनए शेजारी ठेवून बघितले, आणि २०१४ मध्ये मान्य झालं की देरनियागला बरोबर होते. ते तोवर हयात नव्हते. त्यांनी त्या दिवशी किनाऱ्यावर जाऊन हाडं जपली नसती तर २०१४ मध्ये शेजारी ठेवायला काहीच नव्हतं.

दुसरी गोष्ट लाँगमनच्या देवमाशाची. १८८२ मध्ये ऑस्ट्रेलियात मकाय इथं एक कवटी मिळाली. दुसरी १९५५ मध्ये सोमालियात, आणि तीही कुठं, तर खताच्या कारखान्यात. दळून शेतात पडायची ती कवटी कुणाच्या तरी नजरेला पडली म्हणून वाचली. पुढं कित्येक वर्षं या जातीबद्दल जगाजवळ या दोनच कवट्या. अंगाचा रंग कसा, पर केवढा, कुणी सांगू शकत नव्हतं. जानेवारी २००० मध्ये मालदीवला एक मादी लागली, २००३ मध्ये डीएनएनं ओळख पटली, तेव्हा कळलं की हिंदी-प्रशांत महासागराच्या उबदार पाण्यात जे मोठे चोचवाले कळप लोकांना अधूनमधून दिसत होते ते हेच.

क्युव्हिएचा देवमासा ध्रुवांजवळचं पाणी सोडून जवळजवळ सगळीकडं आहे. त्याचीही कथा अशीच. १८०४ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर सापडलेल्या कवटीवरून क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२३ मध्ये नाव दिलं, ते नामशेष प्राण्याचा अवशेष समजून.

त्यामुळं अरबी समुद्रात यांतलं कुणी असणं अशक्य नाही. किनाऱ्याला लागतं ते क्वचित, कारण यांना खोल पाणी हवं आणि आपल्या कोकणापुढची उथळ पट्टी फार रुंद आहे.

---

देवगडचा_झील

मी मासेमारी करणाऱ्या घरातला, शिक्षणाला कोल्हापुरात आहे. इथं सगळे नवीन जात सापडली म्हणतात, पण बोटीवरच्या माणसाला विचारतं कोण? आमचे आजोबा पाण्यावरचं पाखरू आणि वर आलेली पाठ बघून सांगायचे खाली काय आहे ते.

---

मंगळवारपेठ

झील, जपानच्या होक्काइदोच्या देवमासे मारणाऱ्या लोकांना बेअर्डच्या देवमाशासारखाच पण बुटका आणि काळा देवमासा माहीत होता. ते त्याला कारासू म्हणायचे, म्हणजे डोंबकावळा. शास्त्राच्या पुस्तकात तो बेअर्डमध्येच मोजला जायचा. २०१९ मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं. बोटीवरची माणसं आधीपासून बरोबर होती. आणि २०२१ मध्ये एका जातीला रामारीचा देवमासा असं नाव दिलं ते रामारी स्टुअर्ट या माओरी बाईंवरून. देवमाशांची हाडं राखणं, वाचणं हे त्यांचं परंपरेतून आलेलं ज्ञान. २०२४ च्या डिसेंबरात ओटागोच्या त्या कुदळदात्याचं विच्छेदन झालं तेही तिथल्या माओरी मंडळींच्या बरोबरीनं. त्याच्या पोटात नऊ कप्पे निघाले. वरच्या जबड्यात बारीक, निरुपयोगी दातही सापडले, जे कुणाला माहीत नव्हते.

तुमच्या आजोबांना आठवणारं सगळं लिहून काढ. खरंच सांगते.

---

देवगडचा_झील

काढतो. आता मी एक विचारतो मॅडम, राग मानू नका. गळ्यावर रेघा होत्या म्हणता. किती होत्या? चोचवाल्यांना दोनच असतात असं तुम्हीच वर लिहिलंय. आमच्या किनाऱ्याला लागतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या गळ्याखाली पन्हाळी पत्र्यासारख्या पुष्कळ रेघा असतात, पोटापर्यंत. आणि शेपटीच्या मधे खाच होती का?

---

मंगळवारपेठ

राग कसला. दोन दिवस हाच विचार करत्येय. रेघा होत्या हे आठवतं, किती ते आठवत नाही. मी वहीत तीन काढल्या होत्या आणि हाक आली. शेपटी वाळूत होती की पाण्यात, तेही डोळ्यांसमोर येत नाही. खूण जुळावी असं मला वाटत होतं, म्हणून मी रेघा म्हटलं की दोन असं धरून चालले असेन.

---

जयसिंगपूर_मीना

अगं, मी होते त्या सहलीत! नवऱ्यानं हा धागा दाखवला. तुझ्या शेजारी नाक धरून उभी होते ती मीच. माझ्याकडं काकांचा कॅमेरा होता, ३६ फोटोंचा रोल, आणि त्यातले तीन फोटो त्या धुडाचे आहेत. आई ओरडली होती, पैसे असल्या घाणीवर घालवलेस म्हणून. अल्बम माहेरी आहे, रविवारी आणते.

---

मंगळवारपेठ

मीना!! रविवारपर्यंत मी कशी थांबू.

---

जयसिंगपूर_मीना

आणले. मोबाइलनं फोटोचे फोटो काढून खाली लावले आहेत. भिंग घेऊन बसले होते.

पहिल्यात डोकं. तोंड वरून बघितलं तर टोकदार दिसतं खरं. दात नाहीतच.

दुसऱ्यात तू खाली वाकून वहीत काढत्येस. तुझ्यासमोर गळा आहे. रेघा हनुवटीपासून सुरू होऊन पोटाकडं जातात, एकमेकींना समांतर. दिसणाऱ्या बाजूच्या मोजल्या, बावीस भरल्या. त्यापुढच्या वाळूत दबल्यात.

तिसऱ्यात शेपटी, आणि वर मी एक पाय ठेवलाय. (तेव्हा काही वाटलं नव्हतं, आता बघून वाईट वाटलं.) दोन पाकळ्यांच्या मधे खाच आहे. स्पष्ट.

---

देवगडचा_झील

मग चोचवाला नाही.

---

मंगळवारपेठ

नाही. खाच आहे, आणि रेघा दोन नाहीत. एका बाजूला बावीस म्हणजे सगळ्या मिळून चाळिसाच्या वर. हा दात नसलेल्या, तोंडात चाळणी असलेल्या गटातला, आणि बहुधा ब्रायडीज देवमाशाचं पिल्लू. ब्रायडीजच्या गळ्यावर ४० ते ७० पन्हाळी असतात आणि जन्मताच ते चार मीटरच्या आसपास असतं, म्हणजे पंधरा-सोळा फूट जुळतं. आपल्या किनाऱ्याला लागणाऱ्यांत तो नेहमीचा. तोंडातली चाळणी सडलेल्या प्रेतात गळून पडते, म्हणून आम्हाला आत काहीच दिसलं नसणार. निमुळतं तोंड म्हणाल तर ब्रायडीजचंही वरून टोकदारच दिसतं.

वर्षभर मी त्याला चोचवाला समजून मनात जपलं होतं. आज नाव बदललं, आणि मीना, मला इतकं बरं वाटतंय की फोन करून रडले नाही एवढंच. तीन फोटोंनी जे कळलं ते माझ्या आठवणीनं कधीच कळलं नसतं. आईंना सांग, पैसे वाया गेले नाहीत.

---

दंतवैद्य_ताराबाई_रोड

एक्स-रे नसताना पेशंटच्या सांगण्यावर दाढ काढू नये, असं आमचे सर सांगायचे. दुसरा फोटो जपून ठेवा.

---

शाहूपुरीचा_अभि

म्हणजे कुणाला किनाऱ्यावर असं काही दिसलं तर नेमकं काय काय बघायचं? आमचं मालवणला जाणं होतं दरवर्षी.

---

मंगळवारपेठ

आधी वन विभागाला कळव, त्यांचा कांदळवन कक्ष समुद्री प्राण्यांचं बघतो. जिवंत असेल तर पाण्यात ढकलायच्या फंदात पडू नकोस, नाकपुडी डोक्यावर असते, तिच्यात पाणी-वाळू जाणार नाही एवढं सांभाळ आणि माणसं येईपर्यंत अंग ओलं ठेव. मेलेला असेल तर हात लावू नकोस, रोग असू शकतात.

मग फोटो. पूर्ण अंग एका बाजूनं, शेजारी माप कळेल असं काही ठेवून, छत्री चालेल. शेपटीची मागची कड. गळा, जवळून, सगळ्या रेघा मोजता येतील असा. पाठीवरचा पर. आणि तोंड दोन्ही बाजूंनी, खालच्या जबड्याची कड दिसेल असं, कारण नराचा दात तिथंच, नुसता बोटभर वर आलेला असू शकतो. तारीख आणि गावाचं नाव मागं लिही.

---

देवगडचा_झील

मॅडम, आजोबांशी फोनवर बोललो. ते म्हणतात, खोल पाण्यात, किनारा दिसेनासा झाल्यावर, एकदा चार-पाच जनावरं वर आली होती. तपकिरी, पाठीवर पांढरे ओरखडे, पर बारका आणि पार मागं. फुंकर उडाली ती बसकी. थोडा वेळ थांबली आणि खाली गेली ती तासभर वाट बघूनही वर आली नाहीत. आजोबांनी त्यांना काही नाव दिलेलं नाही. तोंड दिसलं नाही म्हणतात.

---

मंगळवारपेठ

झील, साल विचार. महिना, कुठल्या बंदरातून निघाले होते, किती तास गेल्यावर दिसली, पाण्याचा रंग कसा होता, सगळं विचार. मी येत्या सुट्टीत देवगडला येते. वही घेऊन येते, आणि मीनाला कॅमेऱ्यासकट आणते.